हिमोग्लोबिनच्या साखळीतील एक कडी

(संस्थेच्या वार्षिक सभेत वैद्यकीय विभागातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रक्ततपासणीचा अहवाल हाती पडला की ग्लुकोज, कोलेस्टेरॉल, प्रथिने, हिमोग्लोबिन ही नावे आपण वाचतो आणि आकडा मर्यादेत आहे एवढे पाहून कागद ठेवून देतो. परंतु आपला देह ज्या द्रव्यांनी घडला आहे, त्यांचीच ही नावे होत. त्यांचा थोडक्यात परिचय करून द्यावा, असा आमचा आज मानस आहे.

पाणी व क्षार वगळल्यास सजीवांचे शरीर मुख्यत्वे चार प्रकारच्या रेणूंनी बनते: कर्बोदके, स्निग्ध द्रव्ये, प्रथिने आणि न्यूक्लिक आम्ले. शेतातील ज्वारी असो, गोठ्यातील गाय असो वा आपण स्वतः असो, हे चार प्रकार सर्वत्र तेच. रक्तातील एका तांबड्या पेशीच्या आधारे या चारांची ओळख करून घेता येते. पेशीचे आवरण स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचे असून त्यात प्रथिने बसविलेली असतात. ऊर्जेसाठी ती ग्लुकोज या साध्या कर्बोदकावर अवलंबून असते. तिच्या पोटात हिमोग्लोबिन हे प्रथिन भरलेले असते आणि फुफ्फुसांतील प्राणवायू तेच सर्व अवयवांना पोचविते. चौथा प्रकार न्यूक्लिक आम्लांचा. त्यांपैकी डीएनएमध्ये हिमोग्लोबिन घडविण्याची कृती लिहिलेली असते. अस्थिमज्जेत पेशी तयार होताना ही कृती वापरली जाते. पुढे पेशी आपले केंद्रक टाकून देते आणि रक्तात येते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या कड्यांची साखळी. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत १४१ कड्यांच्या दोन अल्फा आणि १४६ कड्यांच्या दोन बीटा साखळ्या असतात. एकूण कड्या ५७४. सिकलसेल आजारात बीटा साखळीच्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. अन्य सर्व कड्या जशाच्या तशा राहतात. ग्लुटामिक आम्ल पाण्याशी मिळूनमिसळून राहणारे, तर व्हॅलीन पाणी टाळणारे आहे. त्यामुळे प्राणवायू सोडून दिल्यावर हे रेणू परस्परांना चिकटतात, त्यांचे ताठ दोर बनतात आणि वाटोळी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. रुग्णाच्या अंगात रक्त टिकत नाही, त्याचे कारण हेच.

अमेरिकेत लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली हा रेणूचा आजार असल्याचे दाखविले. नेमकी कोणती कडी बदलली आहे, हे १९५७ साली केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी सिद्ध केले. भारतात या आजाराची नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगराळ भागातील आदिवासींमध्ये झाली. आपल्या राज्यात विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत तो विशेष आढळतो.

हे सर्व विस्ताराने सांगण्यास एक कारण आहे. मूल वारंवार आजारी पडू लागले की कुणी दृष्ट लागल्याचे म्हणतो, कुणी पूर्वकर्माचे नाव घेतो आणि पुष्कळदा दोष आईच्या माथी येतो. रेणूंची साक्ष निराळी आहे. बीटा साखळीच्या कृतीच्या दोन प्रती प्रत्येकाजवळ असतात. एक मातेकडून आलेली, दुसरी पित्याकडून. सिकलसेलच्या मुख्य प्रकारात दोन्ही प्रतींत हाच बदल असतो. म्हणजे वारसा उभयतांचा असतो आणि अपराध कुणाचाच नसतो. एकच प्रत बदललेली असल्यास ती व्यक्ती वाहक ठरते व सामान्यतः निरोगी आयुष्य जगते. माता व पिता दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, बाळ वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्हींतून मुक्त असण्याची २५ टक्के असते.

वाहक कोण, हे रक्ताच्या थोड्या थेंबांवरून कळते. विद्राव्यता चाचणी अल्प खर्चाची आहे; तिच्यात दोष आढळल्यास इलेक्ट्रोफोरेसिससारख्या तपासणीने निदान पक्के होते. विवाहापूर्वी वधूवरांनी ही तपासणी करून घेतल्यास पुढील निर्णय जाणतेपणाने घेता येतात. जन्मानंतर पहिले काही महिने बाळाच्या रक्तातील गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन त्याचे रक्षण करते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध तेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढविते व वेदनेचे झटके कमी करते. मात्र ते वैद्यकीय देखरेखीखाली, खंड न पाडता घ्यावे लागते. केंद्र शासनाने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून त्यासाठी २०४७ हे वर्ष ठरविले आहे.

देणगीदारांना आमची विनंती एवढीच की, नव्या इमारतीला जे साहाय्य आपण उदार हाताने देता, तेच तपासणीच्या रसायनांना, अखंड औषधपुरवठ्याला आणि खेड्यापाड्यांतील समुपदेशनालाही द्यावे. या खर्चावर कोनशिला बसत नाही. परंतु त्यामुळे एखादे मूल शाळेत नियमित जाऊ लागते आणि एखाद्या मातेवरील ठपका दूर होतो. आप्तस्वकीयांना विनंती की, रुग्णासोबत आपलीही तपासणी करून घ्यावी.