दळलं की फक्त बारीकच होतं का?

डहाणू लोकलने बोईसरला उतरून तारापूर एमआयडीसीत पहिली पाळी गाठणारं कुणी हे ऐकत असेल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी. विषय आहे मिल.

पावसाळ्यात पिठीसाखरेच्या गुठळ्या होतात, अख्ख्या साखरेच्या तेवढ्या होत नाहीत. का? स्फटिकात रेणू शिस्तीत रांगेने बसलेले असतात. दळताना कण फुटतोच, पण वरच्या थरातली रांगही मोडते. या मोडलेल्या, म्हणजे अमॉर्फस थराला हवेतलं पाणी पटकन लागतं. रेणू सैल होतात, परत स्फटिक बनतात आणि शेजारच्या कणाला धरून बसतात. झाली गुठळी!

औषधाचंही तेच. दम्याच्या पंपातलं साल्बुटामोल फुप्फुसात खोल पोचायला साधारण १ ते ५ मायक्रॉनचं लागतं, म्हणून ते जेट मिलमध्ये दळतात. तिथे पातं नसतं. दाबाच्या हवेत कणच एकमेकांवर आपटतात. पृष्ठभाग थोडा जरी अमॉर्फस झाला आणि हवा दमट लागली, की कण एकमेकांना चिकटतात. कोरड्या पावडरच्या पंपात मग औषध घशातच अडकू शकतं.

कधी रांग मोडून थांबत नाही, नवीच लागते. क्लोरॅम्फेनिकॉल पाल्मिटेटचं 'बी' रूप शरीरात नीट शोषलं जातं, 'ए' फारसं नाही. आणि 'बी' बराच वेळ घोटलं की 'ए' होतं! रेणू तोच, तरी उपयोग गेला. तापमानाचाही खेळ असतो: इंडोमेथासिन ४ अंशांवर दळलं तर अमॉर्फस होतं, ३० अंशांवर दुसरंच स्फटिकरूप मिळतं. म्हणजे मिल किती गरम झाली, हा प्रश्न फक्त मेंटेनन्सवाल्यांचा नाही.

आता खरी मेख. क्यूसीत एचपीएलसी लावलं, समजा प्युरिटी ९९.८ आली, सगळे खूश. पण एचपीएलसीला पावडर आधी विरघळवावी लागते! विरघळल्यावर कुठलं 'ए' आणि कुठलं 'बी'? रूप ओळखायचं तर पावडर पावडरच ठेवून एक्सआरडी करावं लागतं. तेही अगदी थोडं अमॉर्फस असेल तर चकतं. मग पावडर किती ओल ओढते, हे मोजून अंदाज घेतात. काही औषधं तर दळल्यावर ठरावीक आर्द्रतेत मुरू देतात आणि मगच पॅक करतात.

तर आज ड्युटीवर गेलात की एवढं विचारा: आपल्याकडे एक्सआरडीचा नमुना मिलच्या आधी काढतात की नंतर?