चित्र भिंतीवर, गीत कुठे?



बोईसर-तारापूरच्या वसाहतींतील कितीतरी दिवाणखान्यांत वारली चित्र दिसते. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली ‘पद्मश्री’ लाभली, तोवर ही कला सातासमुद्रापार पोहोचली होती.

मुळात हे चित्र शोभेसाठी नव्हेच. लग्नघरात तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी विराजमान होते आणि धवलेरी गाऊ लागते. वारली समाजात विवाहाचे पौरोहित्य ही स्त्री करते; वारली बोलीतील गीते हेच तिचे मंत्र. चित्र कागदावर उतरले आणि टिकले. गीत मात्र मुखातच राहिले, कारण वारलीला स्वतःची लिपी नाही. शिकणारी कोणी पुढे आली नाही, तर तो ठेवा धवलेरीबरोबरच लोपेल.

तिची नात आज तारापूरच्या कारखान्यात मराठी-हिंदी बोलते. भाकरीची भाषा तिने स्वीकारली, यात तिचा काय दोष? तिची बोली ‘अशुद्ध’ ठरविणारे मन मात्र दोषमुक्त नाही.

संथाळीसाठी पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये ओल चिकी लिपी घडविली. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळी आठव्या अनुसूचीत आली. वारलीसाठी देवनागरी हाताशी आहेच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही प्राथमिक वर्गांत शक्य तेथे मातृभाषेचा पुरस्कार केला आहे.

धवलेरीने गावे आणि नातीने लिहून घ्यावे. भिंतीवरच्या चित्राला त्याचे गीत परत मिळेल, ते याच वाटेने.