पिकअप हळू चालताना थरथरते तेव्हा

जुनी पिकअप ताशी २०-३० किलोमीटरलाच थरथरते? मग लगेच व्हील बॅलन्सिंगवर खर्च करू नका. बॅलन्सिंगचा दोष बहुधा जास्त वेगात जाणवतो. आधी टायरवरून हात फिरवा. फुगवटा लागला, तर टायर बदला. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलत असेल, तर डिस्क तपासून घ्या. गाडी उचलतानाच हादरा बसत असेल, तर क्लच, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि सेंटर बेअरिंग पाहा. सपाट जागी इंजिन बंद करा, चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल ठेवा आणि शाफ्ट हाताने हलवा. क्रॉस खडखडला किंवा त्याच्या टोपीभोवती तांबूस भुकटी दिसली, तर ग्रीस संपून आतल्या सुया झिजल्या आहेत. क्रॉस ताबडतोब बदला. भरल्या गाडीचा शाफ्ट निखळला, तर जिवावर बेतते.