रणांगणानंतरची झोप

व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवांमुळे ज्याकडे विशेष लक्ष वेधले गेले, तो आघातोत्तर तणावविकार, म्हणजे जीवघेण्या प्रसंगानंतरही मनाने सतत सावध राहण्याची अवस्था, १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत समाविष्ट झाला. निद्रानाश आणि दुःस्वप्ने ही त्याची चिवट लक्षणे असून, मूळ विकारावर उपचार झाल्यानंतरही ती अनेकदा टिकून राहतात. म्हणून झोपेवर स्वतंत्र उपचार करावे लागतात.

निद्रानाशासाठीच्या बोधात्मक वर्तनोपचारात उठण्याची वेळ ठरावीक ठेवली जाते, अंथरुणातील जागरणाचा काळ कमी केला जातो आणि झोपेविषयीच्या भीतीदायक समजुती तपासल्या जातात. प्रतिमासराव या पद्धतीत रुग्ण जागेपणी दुःस्वप्नाचा शेवट बदलून त्या नव्या रूपाची मनात उजळणी करतो.

प्राझोसिन हे मूळचे रक्तदाबावरील औषध नॉरअ‍ॅड्रेनालिन या उत्तेजक रसायनाचा प्रभाव रोखते. लहान अभ्यासांत ते दुःस्वप्नांवर आशादायक ठरले, तरी ३०४ माजी सैनिकांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ते औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही. त्यामुळे औषधाची निवड, तसेच झोप मोडू शकणाऱ्या श्वासरोधाची तपासणी, वैद्यकीय सल्ल्यानेच व्हावी.