जुनी मोटार घेताना



३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. रायगड जिल्ह्यास त्याचा प्रथम तडाखा बसला, आणि बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेकडील मंडणगड व दापोली हे तालुकेही त्याच्या माऱ्यात सापडले. केळशी, आडे, आंजर्ले, मुरूड या गावांतील नारळी-पोफळीच्या वाड्या, ज्यांवर कित्येक घरांचा वर्षाचा संसार चालत असे, त्या काही तासांत आडव्या झाल्या. बाणवली जातीच्या माडाचे रोप लावल्यापासून पहिला नारळ हाती येण्यास सहा-सात वर्षे लागतात. पोफळीलाही पाच-सहा वर्षांचा धीर धरावा लागतो. म्हणजे एका दुपारी गेलेले उत्पन्न परत मिळविण्यास अर्धे तप पाहिजे.

परंतु नवे रोप लावण्यापूर्वी जुने खोड बाजूस काढले पाहिजे, आणि येथेच पहिली अडचण उभी राहिली. कोयता, कुऱ्हाड, दोर आणि चार गडी, हे कोकणातल्या वाडीचे पिढीजात भांडवल. एखादा माड उतरवावयाचा असल्यास ते पुरे पडते. एकमेकांवर कोसळलेली शेकडो झाडे आणि मोडून लोंबकळणाऱ्या आंब्याच्या फांद्या यांपुढे ते तोकडे ठरते. साखळीची करवत, म्हणजे ज्याला आता सर्वत्र चेनसॉ म्हणतात ते यंत्र, आणि लाकूड वाहून नेण्यास मालमोटार, या दोन वस्तूंची निकड अशा वेळी घरोघर भासते.

अशा प्रसंगी एखाद्या घरात सहज घडावे असे एक संभाषण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. मामा आंजर्ल्याचे बागायतदार. भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला नोकरीस. वाडीची हकिगत ऐकून भाच्याचा जीव कळवळतो आणि तो दूरध्वनीवर म्हणतो, “मामा, इकडे झाडे छाटणाऱ्या कंपन्या दहा-बारा वर्षे वापरलेल्या गाड्या स्वस्तात काढून टाकतात. गाडीवर एक लांब हात असतो, त्याच्या टोकाला बादलीसारखा पाळणा. त्यात माणूस उभा राहिला की चाळीस फुटांवरची फांदी हाताला लागते. पैसे मी भरतो. तुम्ही फक्त बंदरातून सोडवून घ्या.”

मामा क्षणभर थांबतात आणि म्हणतात, “अरे, तुझी माया कळते मला. पण बैल विकत घेताना आपण आधी त्याचे दात पाहतो, मग त्याचा धनी कोण ते विचारतो, आणि गोठ्यात बांधण्यापूर्वी अंगावर गोचीड नाही ना, हे तपासतो. गाडीचे तसे काही नसते का?”

मामांच्या या साध्या प्रश्नात सगळ्या विषयाचे सार आले आहे. सीमेपलीकडून येणारे जुने यंत्र आपल्याबरोबर आपला भूतकाळ घेऊन येते. त्याचे वय किती, त्याचे कागद कोणाच्या नावाचे, आणि त्याच्या अंगाला काय चिकटले आहे, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून जो व्यवहार करतो, त्याला स्वस्त वस्तू महाग पडते.

प्रथम दातांचा, म्हणजे वयाचा विचार करू. परदेशी मोटारी मुंबई बंदराला नव्या नाहीत. १९२८ साली जनरल मोटर्स कंपनीने मुंबईत शिवडी येथे कारखाना काढला. परदेशातून पेट्यांत भरून आलेले सुटे भाग तेथे जोडून मोटारी व लॉऱ्या तयार होत. पुढे १९४५ साली महायुद्ध संपल्यावर लष्कराला नकोशा झालेल्या हजारो गाड्या विक्रीस निघाल्या. लष्करी रंगाच्या त्या लॉऱ्यांनी मालवाहतुकीला मोठा हात दिला. परंतु ज्या गाडीचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, ती एकदा बिघडली की दुसरीचे अवयव काढून तिला घालावे लागतात, आणि दोहोंपैकी एक कायमची मांडवात बसते. जुन्या यंत्राची किंमत विकत घेण्याच्या दिवशी कळत नाही. ती पहिल्या मोडतोडीच्या दिवशी कळते.

म्हणूनच वापरलेल्या मोटारींच्या आयातीवर भारत सरकारने कडक अटी घातल्या आहेत. गाडी तयार होऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा. स्टिअरिंगचे चाक उजव्या बाजूस असावे, वेग किलोमीटरमध्ये दाखविला जावा, दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीस साजेसा असावा. आयातीनंतर निदान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्यास योग्य राहील, अशी हमी लागते. अशी गाडी उतरविण्यास मुंबईचेच बंदर नेमून दिलेले आहे. आता भाच्याची गाडी या कसोटीला लावून पाहावी. ती दहा-बारा वर्षांची, आणि अमेरिकेतली असल्यामुळे चाक डावीकडे. म्हणजे पहिल्या दोन अटींतच तिचा निकाल लागतो. भाडे भरून ती बोटीवर चढविली, तर बंदरात अडकून पडण्यापलीकडे तिच्या नशिबी काही नाही.

गमतीची गोष्ट अशी की, खुद्द अमेरिकेचा नियम याच्या नेमका उलट दिसतो. तेथील सुरक्षिततेच्या नियमांप्रमाणे न बनविलेली गाडी बाहेरून आणावयाची, तर ती पंचवीस वर्षांची झाल्यावरच मोकळेपणी आणता येते. शेजारच्या कॅनडात हीच मर्यादा पंधरा वर्षांची आहे. त्यामुळे जपानातल्या छोट्या जुन्या मालमोटारी तेथील शेतकरी हौसेने नेतात. आपल्याकडील भीती निराळी आहे. २०१५ ते २०१८ या चार वर्षांत युरोप, अमेरिका व जपान येथून एक कोटी चाळीस लाख वापरलेली हलकी वाहने परदेशी गेली आणि त्यांतील सर्वांत मोठा वाटा आफ्रिकेत पोचला, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केले. धूर ओकणाऱ्या व ब्रेक सैल झालेल्या गाड्यांचा उकिरडा आपल्या दारी होऊ नये, हा तीन वर्षांच्या अटीचा हेतू उघड आहे.

दुसरा प्रश्न धन्याचा. परदेशची गाडी नको, आपल्याच देशातली घेऊ, असे मामांनी ठरविले, तरी सीमा सुटत नाही. कोकणच्या दक्षिण टोकाला १९ डिसेंबर १९६१पर्यंत परदेशाची सीमा होती. गोवा मुक्त झाला आणि जकातीची ती सीमा गेली. परंतु मोटारीपुरती राज्याराज्यांमधली कागदी सीमा आजही शिल्लक आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची असल्यास तिला तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळच्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला पाहिजे, आणि रत्नागिरी जिल्ह्यात एम. एच. ०८ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मिळण्यापूर्वी येथला कर भरला पाहिजे.

गोवा वा बेळगावकडची गाडी स्वस्तात मिळते म्हणून जो आनंदाने ती घेऊन येतो आणि दाखला ‘मागाहून पाठवितो’ या शब्दावर विसंबतो, त्याची पुढे फार ओढाताण होते. विकणाऱ्याने गाडीवर कर्ज काढलेले असले, तर सावकाराचा बोजा उतरल्यावाचून मालकी बदलत नाही. दंड थकलेले असतात. विमा संपलेला असतो. योग्यतेचा दाखला जुना झालेला असतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी नोंदणीपुस्तकातील इंजिनाचा व चॅसीचा क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावा. अक्षर खरवडलेले दिसले, तर तेथूनच नमस्कार करून परतावे.

तिसरा प्रश्न गोचिडांचा. हा सर्वांत कमी विचारला जातो आणि बागायतदारास तोच सर्वांत जवळचा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचा दारूगोळा लाकडी खोक्यांतून युरोपच्या बंदरांत उतरला. त्या खोक्यांच्या लाकडातून एक बुरशी फ्रान्स व इटली या देशांत आली, असे मानले जाते. रस्त्यांच्या व कालव्यांच्या कडेला सावली देणाऱ्या प्लेन वृक्षांना तिने ग्रासले. रोगी झाड कापलेली करवत न धुता निरोगी झाडाला लावली की बुरशीही त्याबरोबर जाते, आणि छाटणी करणारा माणूसच रोगाचा वाहक बनतो. २००६ साली हा रोग दक्षिण फ्रान्समधील मिदी कालव्यावर आढळला, आणि तेथील सुमारे बेचाळीस हजार झाडांची सावली धोक्यात आली.

कोणी म्हणेल, प्लेन वृक्षाशी दापोलीचा काय संबंध? संबंध असा की, त्याच कुळातील बुरशीमुळे आंब्याची झाडे उभ्याउभ्या वाळण्याचा रोग अरबी समुद्रापलीकडे ओमानमध्ये १९९८ साली दिसून आला, आणि पाकिस्तानातही तो आढळला. ज्या प्रांताचे नाव हापूस आंब्याने जगात नेले, त्याने ही वार्ता दूरची मानू नये. किडी व रोगांना वेशीवर अडविण्यासाठी आपल्या देशात १९१४ साली कायदा झाला, आणि त्याच कायद्याखाली २००३ साली वनस्पतींच्या आयातीचा सविस्तर आदेश निघाला. माती व झाडपाल्यावर त्याने निर्बंध घातले. मालाच्या खोक्यांचे लाकूड उष्णतेने वा धुरीने निर्जंतुक केल्याची खूण असावी, असे त्याने ठरविले. फांद्यांचा भुगा करणाऱ्या जुन्या यंत्राच्या पोटात सालीचा चुरा आणि चाकांच्या खाचांत माती असते. ते यंत्र काना-कोपऱ्यापर्यंत धुतल्यावाचून बोटीवर चढविणे म्हणजे परक्या बागेची व्याधी आपल्या बागेला आंदण देणे होय.

परंतु शेवटची सीमा बंदरात नसते. ती वाडीच्या गडग्याशी असते. शेजारच्या गावातून भाड्याने आणलेली करवतही गडग्याच्या बाहेर थांबवून, तिचा भुसा झाडून, पाते व साखळी स्पिरिटने पुसून मग आत घ्यावी. आंब्याची फांदी कापली की एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी यांचे बोर्डो मलम जखमेवर लावावे. माडाला जखम झाली की सोंड्या भुंगा तिच्या वासाने येतो. पडलेली खोडे कुजत राहिली की गेंडा भुंगा त्यांत पैदास करतो. वादळातून वाचलेले माड पुढल्या वर्षी भुंग्याने जावयाचे नसतील, तर वाडी लवकर साफ झाली पाहिजे, आणि साफ करणारे हत्यारही साफ पाहिजे.

येथे करवतीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हे यंत्र जर्मनीत १९२०नंतरच्या दशकात तयार झाले, आणि प्रारंभी ते चालविण्यास दोन माणसे लागत. आज ते एका माणसाच्या हातात मावते, आणि त्यातच त्याचा धोका आहे. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत उसळून चालविणाऱ्याच्या तोंडावर येते. नव्या यंत्रात अशा वेळी साखळी तत्काळ थांबविणारा ब्रेक असतो. फार जुन्या यंत्रात तो नसतो, अथवा असून निकामी झालेला असतो. वादळात कलंडलेले झाड तर ताणलेल्या धनुष्यासारखे असते; कोठे ताण आहे आणि कोठे दाब आहे, हे न ओळखता काप घेतला तर खोड उसळून माणसाचा घात होतो. तेव्हा मालमोटार जुनी चालेल, पण करवत नवी घ्यावी, आणि ती शिकलेल्या माणसाच्याच हाती द्यावी. शिवाय आंबा वा फणस यांचे उभे झाड तोडण्यापूर्वी १९६४च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी काढावी.

दापोलीस १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. देठासह आंबा उतरविणारा सुधारलेला झेला त्याच विद्यापीठाने काढला. बांबूच्या टोकाला बसविलेले ते साधे अवजार पाहिले, म्हणजे कोकणच्या उताराच्या, अरुंद पाणंदींच्या मुलखाला कसले यंत्र मानवते, याचा अंदाज येतो. चाळीस फुटांचा हात असलेली अवजड गाडी आंजर्ल्याच्या पाणंदीत शिरेल तरी कशी?

आपल्या कल्पनेतील मामाही अखेर याच निर्णयाला येतात. शेजारच्या दोन बागायतदारांना बरोबर घेऊन ते बेळगावकडची एक मध्यम मालमोटार पाहतात, दाखला हाती पडल्यावरच पैसे देतात, आणि भाच्याला कळवितात, “तुझ्या गाडीचे राहू दे. तिच्या भाड्याला लागले असते, त्यात दोन नव्या करवती, गड्यांना शिरस्त्राणे आणि हातमोजे, आणि माडाची रोपे, इतके होईल. ते पाठव.”

भाचा ते पाठवितो, आणि त्याला वाईट वाटत नाही. कारण २०२०च्या त्या वादळानंतर ज्यांनी वाड्या वेळेवर साफ केल्या आणि रोपे लावली, त्यांच्या माडांना आता पहिली फळे धरण्याचे दिवस आले आहेत.