उत्तम शिक्षक आणि गैरहजर मूल



उत्तम शिक्षक कोणास म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा गुणांची एक लांबलचक यादी वाचून दिले जाते. विषयाचे ज्ञान, शुद्ध उच्चार, वळणदार अक्षर, वक्तशीरपणा, निर्व्यसनी वर्तन. यांपैकी एकही गुण सोडून देण्यासारखा नाही. परंतु हे सारे गुण वर्गात समोर बसलेल्या मुलांपुरतेच कामी येतात. जे मूल वर्गात येतच नाही, त्याच्यापुढे वळणदार अक्षराने काय साधणार? खेड्यातील शिक्षकाची खरी कसोटी हजेरीपटात गैरहजेरीची खूण करताना लागते. ती खूण करून हात पुढील नावाकडे सहज वळतो, की क्षणभर थांबतो, यावर पुष्कळ अवलंबून असते.

या कसोटीस जे पूर्णपणे उतरले, त्यांत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांची नावे अग्रभागी घ्यावी लागतात. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या सहवासात ताराबाईंनी बालशिक्षणाचे काम आरंभिले व १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. परंतु त्या काळची बालमंदिरे मुख्यतः शहरांतील सुस्थितीतल्या घरांतील मुलांसाठी होती. साधने महाग, जागा प्रशस्त, फी परवडणारी नव्हे. खेड्यातील मुलाचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली त्यांनी डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि शिक्षिकेचे काम करीत असतानाच पुढील शिक्षण घेतलेल्या अनुताई तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. हा भाग त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. पुढे १९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात गेले.

तेथे जो अनुभव आला, तो प्रत्येक खेड्यातील शिक्षकाच्या परिचयाचा आहे. शाळा उघडली, तरी मुले येईनात. अशा वेळी 'पालकांना शिक्षणाची गोडी नाही' असा शेरा लिहून मोकळे होणे अत्यंत सोपे असते, आणि तो शेरा आजवर किती दप्तरांत पडून आहे याची गणती नाही. या दोघींनी तो लिहिला नाही. मूल या घटकेला आहे तरी कोठे, हे त्या पाहावयास गेल्या. काही मुले आपल्या झोपडीपुढील अंगणात खेळत होती. बालवाडीपर्यंत त्यांना कोण आणणार? तेव्हा बालवाडीच अंगणात गेली व तिला 'अंगणवाडी' हे नाव पडले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हे साधे मराठी नाव तिच्याबरोबर देशभर पोहोचले. थोडी मोठी मुले गुरे घेऊन रानात जात. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले. ती 'कुरणशाळा' झाली. मुली घरी थांबत, कारण कडेवर धाकटे भावंड असे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. धाकटे पाळण्यात निजे, मधले खेळे आणि थोरली पाटी घेऊन बसे. या योजनेस 'विकासवाडी' म्हणत.

या तिन्ही उपायांत कारण शोधण्याची सवय दिसते. गुरे राखणे, भावंड सांभाळणे हा मुलाचा अपराध नव्हे, किंवा बापाचाही नव्हे. ती त्या घराची अडचण आहे. शिक्षक वस्तीवर गेला, तर त्याने 'का पाठवीत नाही?' असे दरडावून विचारू नये. 'सध्या कामाचे कसे चालले आहे?' असे विचारावे, म्हणजे दुसऱ्या वाक्यात मुलाची हकिकत आपोआप येते. जाब विचारणाऱ्या पाहुण्यास चहा मिळतो, खरी माहिती मिळत नाही.

साधनांविषयीही हेच. महाग साहित्य मिळत नाही म्हणून कोसबाडचे काम थांबले नाही. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांवर मोजणी व वर्गीकरण शिकविता येते, हे तेथे नित्याच्या कामातून दिसून आले. गावच्या ओढ्यात खडे आहेत, तोवर गणिताचे साहित्य नाही अशी तक्रार करण्यास फारशी जागा उरत नाही. भाषेच्या बाबतीत मात्र अधिक जपावे लागते. घरी वारली बोलणारे मूल आपल्या बोलीतील शब्द उच्चारते आणि वर्ग हसतो. त्या एका हसण्याने ते महिनाभर मुके होते. चांगला शिक्षक तो शब्द प्रथम स्वीकारतो, फळ्यावर लिहितो आणि मग त्याच्या शेजारी पुस्तकातील शब्द मांडतो. छडीविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही. २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई केलेलीच आहे.

मूल दूर राहण्याची कारणे काळाप्रमाणे बदलली आहेत, इतकेच. दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीस आणि वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडतात व वर्गातील बाके रिकामी पडतात. अशा मुलास शिक्षण हमी कार्ड देण्याची व्यवस्था आहे. परंतु कार्डावर केवळ नाव व इयत्ता भरणे म्हणजे गैरहजेरीची खूण करण्यासारखेच होय. कुटुंब निघण्याच्या आठवडाभर आधी शिक्षकाने त्या मुलाला जवळ बसवावे, वाचावयास लावावे, दोन उदाहरणे सोडवून घ्यावीत, आणि कार्डाबरोबर एक चिठ्ठी जोडावी: जोडाक्षरे अडखळत वाचतो, हातच्याची बेरीज येते, वजाबाकीत चुकतो, चित्रे उत्तम काढतो. कारखान्याच्या तळाजवळील शाळेत त्या मुलाला कोणी ओळखत नसते. तेथील शिक्षकाच्या हाती ही चिठ्ठी पडली, तर वजाबाकीपासून दुसऱ्याच दिवशी आरंभ करता येतो.