सावली हरवते तो दिवस



शहाड स्टेशनजवळचा उल्हासनगर कॅम्प १ आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या भागात लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित बंधू आले आणि १९४९ साली वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आज तिथे घराला घर लागले आहे. रात्री दिव्यांचा इतका झगमगाट, की ठळक चार चांदण्यांपलीकडे काही दिसत नाही. मुलांच्या हातात मोबाईल असतो, त्यात या क्षणी गुरू कुठे आहे, शनी कुठे आहे, सारे कळते. पण मान मात्र खालीच राहते! अशा ठिकाणी लोकांना आकाश दाखवायचे तरी कसे?

उत्तर भरदुपारी मिळते. ‘बारा वाजले, सूर्य डोक्यावर आला’ असे आपण म्हणतो खरे. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात सूर्य बरोबर माथ्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस. त्या दिवशी उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच विरते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. हा दिवस मे महिन्यात दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. कोल्हापुरात तो ६ मेच्या सुमारास येतो, उल्हासनगरात १६ मेच्या आणि नागपुरात २६ मेच्या. ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेने देशभर त्याचा प्रसार केला आहे. आपल्या गावाची नेमकी तारीख आणि वेळ आता मोबाईलवरही काढता येते.

शिक्षक मित्रहो, तुम्ही म्हणाल, मे महिन्यात तर शाळेला सुट्टी! आणि दुसरा दिवस येतो जुलैच्या अखेरीस, तेव्हा ढग. खरे आहे. म्हणून तर हा कार्यक्रम वर्गात नको, चौकात हवा. दुकानदार, रिक्षावाले, आजीआजोबा, सगळ्यांना बोलवा. मीटरभर उंचीची काठी गवंड्याचा ओळंबा लावून सरळ उभी करा. सावली किती वाजता नाहीशी होईल, याचा अंदाज प्रत्येकाने आधी फळ्यावर लिहावा. मग बारा वाजून दहा मिनिटांपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. उल्हासनगरात सावली बाराला नव्हे, बारा चौतीसच्या सुमारास नाहीशी होईल. घड्याळ आणि सूर्य यांत हा फरक का, असे कोणी तरी विचारीलच. तिथेच खरा धडा सुरू होतो. मात्र सूर्याकडे कोणी पाहू नये. आपल्याला फक्त सावली पाहायची आहे, बरे का!

आता याच वेळी कोल्हापुरातल्या एखाद्या शिक्षकाला मोबाईलवर जोडून घ्या. तिथली माध्यान्ह चार मिनिटे आधीच झालेली असेल. तिथल्या मीटरभर काठीची त्या वेळची सावली साधारण साडेचार सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेकडे! म्हणजे दोन्ही गावांत सुमारे अडीच अंशांचा फरक. उत्तर-दक्षिण अंतर धरले तर ते सुमारे २८० किलोमीटर. पूर्ण वर्तुळात अडीच अंश १४४ वेळा बसतात. २८० ला १४४ ने गुणा. चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास उत्तर येईल. हाच पृथ्वीचा घेर! तो कोणी सांगितला म्हणून नव्हे, दोन चौकांतल्या माणसांनी मिळून मोजला म्हणून कळला.

हाच धागा पुढे रात्रीही नेता येईल. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीला फेरी घालते. दिव्यांच्या झगमगाटातही ते कधी कधी साध्या डोळ्यांना दिसते. वेळ आधी पाहून ठेवा आणि शेजाऱ्यांना गच्चीवर बोलवा.

श्रोतेहो, आकाशाची ताजी माहिती आज पुष्कळ आहे. पण ती पडद्यावरच राहिली तर शिळ्या बातमीसारखी. डोक्यावरच्या आकाशाशी तिचा ताळा जमला, आणि तो आपण स्वतः जमवला, म्हणजे ती आपली होते. शहरात असा, खेड्यात असा, येत्या मे महिन्यात आपल्या चौकात एक काठी उभी करा. चौकात कोण सिंधी बोलतो, कोण मराठी, कोण हिंदी. त्या एका मिनिटाला मात्र सगळ्यांचीच सावली पायाखाली गेलेली असते.